तबकडी, यादी आणि श्रोता



कामगार संघटनेच्या कामात उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत गाण्याच्या तबकड्यांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात ज्या व्याख्यानमालेचा पाया घातला, तिचा हेतूच असा होता, की शाळेच्या भिंतीबाहेर राहिलेल्यांनाही ज्ञानाची चार दारे उघडी व्हावीत. आम्ही त्याच दारांनी आत आलेले. आमच्या सरावलीला गाणे शिकवणारा कोणी खाँसाहेब नव्हता, की संगीताचे ग्रंथालय नव्हते. जे ऐकले ते तबकड्यांवरून, आणि काय ऐकावे हे कळले ते जाणकारांनी केलेल्या याद्यांवरून. तेव्हा आजचा आमचा विषय हा, की या शिफारशीच्या याद्या कशा जन्मल्या, त्यांनी सामान्य श्रोत्याला काय दिले, आणि त्यांतून काय निसटले.

यादी ही वस्तू आमच्या रोजच्या व्यवहारातली आहे. मागण्यांची सनद म्हणजे यादीच. ती वाचताना कारखान्याचा मालक पहिले कलम पाहतो; आम्ही आधी विचारतो, की ती तयार करताना बैठकीला कोण होते? पाळीवरचे कायम कामगार असतील, तर बदलीवाल्यांची मागणी शेवटी येते, किंवा येतच नाही. यात कोणाची लबाडी असते असे नव्हे. जो बैठकीला नसतो त्याचे कलम सुचतच नाही, एवढेच. ध्वनिमुद्रिकांच्या यादीलाही हाच प्रश्न लावून पाहायचा आहे.

प्रथम थोडा इतिहास. १९०२ साली लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग हा माणूस कलकत्त्यास आला आणि त्याने आपल्या देशातले व्यापारी ध्वनिमुद्रण सुरू केले. त्या फेरीत पाचशेहून अधिक मुद्रणे झाली. गौहरजान ही त्या काळची विख्यात गायिका गाणे संपताच आपले नाव इंग्रजीत उच्चारी, ते आजही ऐकू येते. त्यात मिरवणे नव्हते. तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिराला हे गाणे कोणाचे हे कळावे म्हणून ती सोय होती. पुढे १९०८ साली कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना निघाला आणि तबकड्या इथेच छापल्या जाऊ लागल्या.

त्या तबकड्या कशाच्या होत्या? पुष्कळांना वाटते, की जुनी काळी तबकडी म्हणजे विनाइल. तसे नाही. विनाइलची लाँग प्ले तबकडी अमेरिकेत कोलंबिया कंपनीने १९४८ साली बाजारात आणली. तत्पूर्वीची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी लाखेची. चपडा लाख, दगडाची पूड आणि काजळी यांच्या मिश्रणाची. म्हणून तर ती हातातून पडली की फुटते. ही लाख पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर एक बारीकसा कीटक तयार करतो, आणि छोटा नागपूरच्या जंगलात ती गोळा करणारे हात मुख्यतः आदिवासींचे. १९२४ साली रांचीजवळ नामकुम येथे लाखेच्या संशोधनासाठी संस्थाच स्थापन झाली. महायुद्धात लाख इतकी दुर्मिळ झाली, की अमेरिकेत १९४२ साली तबकड्यांसाठी ती वापरण्यावर सरकारी निर्बंध आला. एवंच, न्यूयॉर्कच्या दिवाणखान्यात वाजणाऱ्या गाण्याच्या बुडाशी आपल्याकडच्या जंगलातली मजुरी होती. ही गोष्ट श्रोत्यांनी मनात ठेवावी. शेवटी तिच्याकडे परत यावयाचे आहे.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत. जो राग बैठकीत तासभर चाले, तो तीन मिनिटांत बसवायचा. कित्येक बुजुर्गांनी त्यास साफ नकार दिला. उलट, कलावंत घराण्यांतील आणि कोठ्यांवरील स्त्रिया पुढे आल्या. ज्यांना प्रतिष्ठित समाज घरात घेत नव्हता, त्यांचा आवाज मात्र प्रतिष्ठितांच्या घरात तबकडीच्या रूपाने शिरला. नोंदीचे साधन बदलले, की समाजाच्या उतरंडीत कुठेतरी फट पडते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

पहिल्या याद्या कंपनीच्याच. नव्या तबकड्यांची सूचीपत्रे निघत आणि दुकानदार ती गिऱ्हाइकाच्या हाती देत. पण विकणाऱ्याची यादी आणि जाणकाराची यादी यांत अंतर आहे. विकणाऱ्याला सर्वच माल उत्तम असतो. निवड करून देणारी, ‘हे घ्या, ते राहू द्या’ असे बजावणारी यादी ही वेगळी चीज. विलायतेत कॉम्प्टन मॅकेंझी या कादंबरीकाराने १९२३ साली ‘ग्रामोफोन’ नावाचे मासिकच काढले आणि त्यात नव्या तबकड्यांची परीक्षणे येऊ लागली. १९५१ साली सॅकव्हिल-वेस्ट आणि शॉ-टेलर या दोन टीकाकारांचा ‘रेकॉर्ड गाइड’ हा जाडजूड ग्रंथ निघाला. त्यात उत्तम तबकडीपुढे तारे छापलेले असत. १९६० साली ‘स्टीरिओ रेकॉर्ड गाइड’ आला, आणि त्याच परंपरेतले पेंग्विनचे मार्गदर्शक ग्रंथ पुढे कित्येक वर्षे निघत राहिले. बेताच्या पगाराचा तिकडचा कारकून महिन्याला एक तबकडी घेई, ती या ताऱ्यांकडे पाहून. पैसा थोडा आणि माल उदंड, अशा वेळी यादी ही गरिबाची गरज असते. श्रीमंत चार घेऊन तीन टाकून देऊ शकतो. गरिबाला पहिलीच नीट निवडावी लागते.

पण तिकडची पद्धत जशीच्या तशी आपल्याकडे लागू पडत नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. बेथोव्हेनची सिंफनी कागदावर लिहिलेली आहे. वीस वाद्यवृंदांनी ती वाजवली, तर त्या वीस तबकड्या शेजारी ठेवून तुलना करता येते. आपल्याकडे राग एक असला तरी प्रत्येक गवयाचे गाणे वेगळे. किंबहुना त्याच गवयाचे कालचे आणि आजचे गाणे वेगळे. मग तारा द्यायचा कशाला? म्हणून आपल्याकडच्या टीकाकाराला तबकडीपेक्षा गवयाविषयी आणि त्याच्या घराण्याविषयी सांगावे लागले.

मराठीत हे काम केशवराव भोळे यांनी मोठ्या हिमतीने केले. ‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या बोलपटाचे संगीतकार म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. परंतु तत्पूर्वी ‘एकलव्य’ या टोपणनावाने त्यांनी हयात गवयांच्या गायकीची परखड चिकित्सा केली होती, आणि ती ‘आजचे प्रसिद्ध गायक’ या नावाने १९३३ साली ग्रंथरूपात आली. हे टोपणनाव आम्हांला नेहमी अर्थपूर्ण वाटते. गुरूने दाराबाहेर ठेवलेल्या शिष्याचे ते नाव आहे. गोविंदराव टेंबे यांचा ‘माझा संगीत व्यासंग’ १९३९ सालचा. वामनराव देशपांडे यांचा ‘घरंदाज गायकी’ १९६१ सालचा. आणि वामनराव पेशाने हिशेबतपासनीस होते, हे विशेष. ही पुस्तके म्हणजे तबकड्यांच्या याद्या नव्हेत. पण लहान गावातल्या श्रोत्याने त्यांतूनच आपल्या याद्या काढल्या. पुस्तक वाचायचे, नाव टिपायचे, आणि ते नाव लेबलावर कुठे दिसते का हे जुन्या बाजारात शोधायचे, असा तो क्रम.

याच्या अगदी उलट जातीची यादी म्हणजे १९५२ साली रेडिओ सिलोनवर सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’. अमीन सयानी यांच्या आवाजात आठवड्याची गाणी पायदानावर चढत आणि उतरत. तिथे टीकाकाराचे मत नव्हते. दुकानांतील खप आणि श्रोत्यांची पसंती यांवर क्रम ठरे. आम्ही या यादीला हिणवणार नाही. बहुमताला स्वतःचे एक मोल असते, हे संघटनेचा माणूस नाकारू शकत नाही. मात्र बहुमताने जे ठरते ते ‘आज काय आवडते’ एवढेच. ‘उद्यासाठी काय जपावे’ हा प्रश्न निराळा, आणि त्याला निराळ्या रीतीने उत्तर द्यावे लागते.

आता चांगल्यांतल्या चांगल्या यादीतूनही काय निसटते ते पाहू. अल्लादियाखाँसाहेब (१८५५–१९४६) हे जयपूर-अत्रौली गायकीचे प्रवर्तक. कोल्हापूरने त्यांना आश्रय दिला. त्यांची तबकडी नाही. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२), ज्यांच्या गळ्यात तीन घराण्यांची विद्या एकवटली होती असे जाणते सांगतात, त्यांचीही तबकडी नाही. म्हणजे मराठी मुलुखातील गाण्याची दोन शिखरे कोणत्याही यादीत सापडणार नाहीत. मग ती हरवली का? नाही. १९१६ सालच्या ‘स्वयंवर’ नाटकाच्या पदांना चाली भास्करबुवांच्या. बालगंधर्वांच्या तबकडीवर ती पदे ऐकताना, चाल बांधणारा माणूस ओळींच्या मागे उभा असतो. अल्लादियाखाँसाहेबांची विद्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यातून ऐकावी लागते. यादीत नाव नसलेल्याला असे शिष्यांच्या वाटेने गाठता येते. पण त्यासाठी तो मुळात होता, एवढी तरी माहिती श्रोत्याला हवी.

केसरबाईंची एक कथा या विषयाला फारच लागू पडणारी आहे. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली. त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी बसवली होती. पृथ्वीवरचे संगीत कोणते पाठवावे, याची यादी कार्ल सेगन आणि त्यांचे सहकारी करत होते. सुमारे दीड तासात सत्तावीस चिजा बसवायच्या होत्या. रॉबर्ट ब्राउन या संगीताभ्यासकाने केसरबाईंच्या भैरवीची शिफारस केली. शिफारस झाली, पण तबकडी मिळेना. शोधता शोधता अ‍ॅन ड्रूयन या सहकारी बाईंना न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर, एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत उपकरणांच्या दुकानात, टेबलाखाली धूळ खात पडलेल्या खोक्यात ती गवसली. दुसरे यान ५ सप्टेंबरला सुटले, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई वारल्या. गोव्यातील केरी गावच्या त्या बाईंचा आवाज आज सूर्यमालेच्या सीमेपलीकडे चालला आहे.

या कथेचा अभिमान वाटतो, आणि वाटावाही. परंतु अभिमानाबरोबर हिशेबही पाहावा. त्या सत्तावीस चिजांत बाखच्या तीन, बेथोव्हेनच्या दोन, आणि साऱ्या हिंदुस्थानची एक. यादी करणारे सज्जन होते, त्यांनी जगभरच्या लोकांचे संगीत घेण्याची खटपट केली. तरी बैठकीला कोण बसले होते ते आकड्यांत उमटलेच. दुसरी गोष्ट अशी, की जाणकाराची शिफारस असूनही ती एका दुकानदाराच्या खोक्यावर अवलंबून राहिली. त्या कुटुंबाने ते खोके रद्दीत टाकले असते, तर यादीतले नाव यादीतच राहिले असते. जपणारा सामान्य माणूस नसेल, तर जाणकाराच्या यादीला हातपाय नाहीत.

म्हणून शिफारशीच्या यादीखेरीज आणखी एका जातीच्या यादीची गरज असते. तीत उत्तम-मध्यम असा भेद नसतो. जे जे मुद्रित झाले ते सर्व तीत नोंदायचे. एकीला बक्षीसपात्रांची यादी म्हणा, तर दुसरीला हजेरीपट म्हणा. मायकेल किनियर या ऑस्ट्रेलियन संशोधकाने हिंदुस्थानातील पहिल्या मुद्रणांचा, १८९९ ते १९०८ या काळाचा, असा हजेरीपट तयार केला, आणि तो ग्रंथ १९९४ साली मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढला. मिरजेच्या अब्दुल करीमखाँसाहेबांच्या (१८७२–१९३७) तबकड्यांची तपशीलवार सूची चरित्रासह त्यानेच पुढे प्रसिद्ध केली. मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही मंडळी एकत्र आली. तिचे सुरेश चांदवणकर व्यवसायाने शास्त्रज्ञ. ‘द रेकॉर्ड न्यूज’ या त्यांच्या पत्रिकेने कलावंतांच्या सूच्या छापल्या. हे काम कोणी पगारावर केलेले नाही. नोकऱ्या सांभाळून, सुटीच्या दिवशी केलेले आहे.

आमचा स्वतःचा संग्रह लहान आहे, आणि तो अशाच याद्यांच्या आधाराने जमला. संघटनेच्या कामासाठी डहाणू रोडवरून मुंबईला जावे लागे. काम आटोपले, की मटन स्ट्रीटवरच्या चोर बाजारात चक्कर मारायची. खिशात वही, तिच्यात पुस्तकांतून उतरवलेली नावे. कॅसेटने तबकडीला बाजारातून हाकलले होते. लोक घरातले गठ्ठेच्या गठ्ठे भंगारात घालत होते, म्हणून आमच्यासारख्याला ते परवडले. तिथे एक गोष्ट ध्यानात आली. जे नाव पुस्तकात गाजलेले, त्याची किंमत विक्रेत्याला पाठ. ज्याचा कुठे उल्लेख नाही ते किलोवर. यादीने जसे काही गाणे वाचवले, तसे उरलेल्याला भंगाराकडे ढकललेही. आता तर तबकडीला पुन्हा दिवस आले आहेत. २०२२ साली अमेरिकेत विनाइलच्या तबकड्यांची विक्री सीडींपेक्षा अधिक झाली. फॅशन आली की ‘अवश्य हव्यात अशा शंभर तबकड्या’ या थाटाच्या याद्या येतात, आणि त्यांच्याबरोबर भावही चढतात. नव्या संग्राहकाला आमचे सांगणे एवढेच, की यादीतल्या दोन घ्याव्यात, तर यादीबाहेरची एक घ्यावी.

आणि घेतलेली तबकडी नीट वाचायला शिकावे. लेबलावर गाणाऱ्याचे नाव आणि सूचीक्रमांक असतो. लेबलाच्या भोवतालच्या गुळगुळीत कडेवर बारीक अक्षरांत दुसरा क्रमांक कोरलेला असतो, तो मूळ मुद्रणाचा. संशोधकाला खरा उपयोग या दुसऱ्याचा. ७८ ची खाच रुंद असते, लाँग प्लेची अरुंद. एकीची सुई दुसरीवर लावली तर गाणे बिघडते आणि तबकडीही. जुन्या फोनोची पोलादी सुई प्रत्येक बाजूला बदलावी, असा दंडक होता. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, आडव्या रचू नयेत.

आता मघाशी राखून ठेवलेल्या गोष्टीकडे येऊ. तबकडी ज्या लाखेची होती, ती छोटा नागपूरच्या आदिवासींनी वेचली. जंगलातल्या माणसाचे श्रम तबकडीत गेले, पण त्याचे गाणे तबकडीवर फार थोडे आले, आणि जाणकारांच्या यादीत तर त्याहून थोडे. आमचा डहाणू-तलासरीचा मुलुख वारल्यांचा. इथले वाद्य तारपा. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाचे पान यांचे. वाजवणारा श्वास तुटू देत नाही, आणि त्याच्या भोवती नाच रात्रभर फिरतो. हे तीन मिनिटांत कसे बसावे? गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी त्या नाचाचे वेटोळे चित्रात काढले. ते चित्र जगभर गेले, आणि त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. वेठीविरुद्ध १९४५ साली इथल्या वारल्यांनी जो लढा दिला, तो गोदावरी परुळेकर यांनी १९७० साली ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात लिहून ठेवला. चित्र आहे, ग्रंथ आहे. पण त्या काळी या पाड्यांवर तारपा कसा वाजत होता, हे ऐकवणारी एकही तबकडी आम्हांला आजवरच्या शोधात मिळालेली नाही.

गेले ते गेले. पण जे उरले आहे त्याच्या बाबतीत आपण काही करू शकतो. आमच्या दोन सूचना आहेत. पहिली अशी, की व्याख्यानमाला चालवणाऱ्या प्रत्येक वाचनालयाने आपल्या गावातील घरोघरच्या तबकड्यांचा हजेरीपट करावा. माळ्यावर, पलंगाखाली, बंद पडलेल्या फोनोच्या पेटीत काय आहे ते लिहून काढावे. नाव, दोन्ही क्रमांक, आणि ती घरात कोणी, केव्हा, कशासाठी आणली, ही हकीकत. यासाठी संगीत कळायची गरज नाही. अक्षर सुवाच्य असले की पुरे. वाटल्यास तबकड्या मालकाकडेच राहू द्याव्यात, नोंद मात्र वाचनालयात ठेवावी.

दुसरी सूचना अशी, की आज ध्वनिमुद्रणाचे यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे आणि वेळेची मर्यादाही राहिलेली नाही. तेव्हा पाड्यांवर जावे, वाजवणाऱ्याच्या परवानगीने तारपा सबंध मुद्रित करावा, आणि त्यासोबत वाजवणाऱ्याचे नाव, गाव, प्रसंग आणि तिथी नोंदवावी. गौहरजानला आपले नाव स्वतःच सांगावे लागले, कारण छापणारा परदेशात होता. आपण तर शेजारीच आहोत. मुद्रण करताना वादकाला शेवटी त्याचे नाव त्याच्याच तोंडून, त्याच्याच बोलीत उच्चारायला सांगावे, आणि ते यादीत जसेच्या तसे लिहून घ्यावे.